शेपटाचं चाक आणि तुझे पाय

बाळ, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली क्लिप पाहिली. जुनं हार्वर्ड, वैमानिकांना शिकवायचं विमान, धावपट्टीवर अलगद टेकतं, शेपूट खाली येतं आणि आता झालं म्हणेपर्यंत नाक डावीकडं वळतं, उजव्या चाकाचा दांडा मोडतो, पंखाचं टोक घासत जातं. त्याखाली तू लिहिलंस, 'पायलट झोपला होता का?' हे बाकीच्यांनी विचारलं तर ठीक. तुला पायलट व्हायचंय, म्हणून लिहायला बसलो.

हार्वर्डची मुख्य दोन चाकं पुढं, तिसरं छोटं शेपटाखाली. म्हणजे विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागं पडतो. नाक जरासं तिरकं झालं की मागचा भार पुढं यायला बघतो आणि तिरकेपणा आपोआप वाढतो. सुपरमार्केटातली भरलेली ट्रॉली उलटी ढकलून बघ, कळेल. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

पायांनी चालवायचा रडर, म्हणजे उभ्या शेपटाची नाक वळवणारी फळी. वेग उतरतो तसा त्यावरून जाणारा वारा कमी होतो, म्हणजे ऐन गरजेला रडर ढिला. ब्रेक जोरात दाबावा तर विमान नाकावर जायची भीती. त्यात समोर 600 अश्वशक्तीचं गोल इंजिन! शेपूट टेकलं की पुढची धावपट्टी दिसतच नाही, दोन्ही कडांकडे बघून सरळ राहायचं. बाजूचा वारा असेल तर उभं शेपूट तो पकडतं आणि नाक वाऱ्याकडं वळतं. त्या माणसाचे पाय यातल्या कशाशी झगडत होते, क्लिपमध्ये कुठं दिसतंय?

पूर्वी सगळे असेच शिकायचे. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या जुहूला उतरले, ते पुस मॉथ विमानही शेपूट टेकवून उभं राहणारंच. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं, त्यालाही चाक शेपटाखालीच. हवाई दलाच्या कितीतरी मुलांनी उडायला त्यावरच सुरुवात केली.

तू धुळ्याला जा नाहीतर बारामतीला, तिथल्या वैमानिक शाळेत तुला सेसनासारखंच छोटं विमान मिळेल, नाकाखाली चाक असलेलं. त्यात भार मुख्य चाकांच्या पुढं असतो, त्यामुळे विमान स्वतःच सरळ व्हायला बघतं. सोय छान आहे, पण पाय आळशी होतात. (माझ्या मते प्रत्येक शिकाऊला थोडे तास तरी शेपटाच्या चाकावर द्यायला हवेत. ऐकतंय कोण!)

क्लिपा बघायच्याच तर मोडलेला प्रॉपेलर नीट बघ. पाती मागं वाकलेली असली तर सहसा इंजिन मंद चालत होतं, टोकं पुढं वाकली असली तर जोरात. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नकोस. एएआयबीचे, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचे, अहवाल वाच. चौकशी कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही, हे त्यात सुरुवातीलाच छापलेलं असतं. मग वाऱ्याची नोंद, चाकांच्या खुणा, ब्रेकची स्थिती असं एकेक पान उलटत जा. कंटाळवाणं आहे, तरी वाच.

आणि पहिल्या दिवसापासून एक कर. चाकं टेकल्यावर इन्स्ट्रक्टर 'शाब्बास' म्हणाले तरी धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर, म्हणजे बाजूच्या रस्त्यावर, वळेपर्यंत उत्तर देऊ नकोस. रागावले तर माझं नाव सांग.

तुझा,
काका