विद्यापीठात किरणोत्सार सुरक्षा अधिकारी होताना: मीटरच्या आधी डेडस्टॉक रजिस्टर

नमस्कार.

साताऱ्यातील आपल्या विद्यापीठाने किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे आरएसओचा, अतिरिक्त कार्यभार आपल्याकडे देण्याचे ठरवले आहे. भौतिकशास्त्र विभागात क्ष-किरण विवर्तनाचे नवे यंत्र येत आहे, जीवशास्त्राच्या मंडळींना फॉस्फरस-३२ हा किरणोत्सारी पदार्थ वापरून काम सुरू करायचे आहे, आणि पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या कपाटात जीएम काउंटरबरोबर (किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर यंत्राबरोबर) आलेले जुने सोर्स, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ असलेल्या छोट्या वस्तू, पडून आहेत, असे आपण लिहिले आहे. किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर कोणता घ्यावा, अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदणारे टीएलडी बॅज किती मागवावेत आणि हा कार्यभार स्वीकारावा की नाकारावा, असे आपले तीन प्रश्न आहेत. सांगलीतील एका संशोधन संस्थेत हे काम मी बरीच वर्षे सांभाळले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. मीटरचा प्रश्न मात्र मुद्दाम मागे ठेवतो, कारण विद्यापीठातील खरा धोका डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे यंत्रे-फर्निचर अशा टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, आणि त्याहूनही अधिक त्या रजिस्टरमध्ये न नोंदलेल्या वस्तूंमध्ये असतो, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या देशातील या विषयातले सर्वांत गंभीर उदाहरण विद्यापीठातलेच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडणारे यंत्र, १९८५पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१०मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचे शिसे काढण्यासाठी ते फोडण्यात आले, आणि एप्रिलमध्ये माणसे भाजल्यासारख्या जखमा घेऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ, ५.२७ वर्षे असते, म्हणजे वापर थांबल्यानंतरच्या पंचवीस वर्षांत त्या सोर्सची तीव्रता सुमारे सत्ताविसाव्या भागावर आलेली होती. एवढा क्षय होऊनही हे घडले. त्या विभागात किरणोत्साराचे शास्त्र जाणणारी माणसे नव्हती असे कोणी म्हणणार नाही. बंद पडलेल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे माहीत असणाऱ्याचे मत त्या लिलावापूर्वी घेतले गेले नाही, इतकेच कारण पुरेसे ठरले. आपल्याकडची निर्लेखन समिती, म्हणजे जुन्या वस्तू नोंदीतून काढून टाकणारी समिती, यंत्राची खरेदी किंमत, घसारा आणि जागेची अडचण एवढेच पाहते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या करण्याची घाई असते, हे आपण दोघेही जाणतो.

म्हणून पहिल्या महिन्यात आपण एकच काम करावे: भांडारपाल आणि जुन्या प्रयोगशाळा परिचरांना बरोबर घेऊन प्रत्येक विभागाची कपाटे उघडून पाहावीत. भौतिकशास्त्राचे कपाट आपल्याला माहीतच आहे, त्यामुळे तिथे अनपेक्षित असे कमी सापडेल. रसायनशास्त्राच्या भांडारात युरेनिल ॲसिटेट, युरेनिल नायट्रेट किंवा थोरियम नायट्रेट यांच्या अर्धवट भरलेल्या बाटल्या साध्या क्षारांच्या रांगेत उभ्या असतात. भूशास्त्र विभागाच्या नमुन्यांत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज असू शकते. कृषी संशोधनाशी संबंध असेल, तर मातीतील ओलावा मोजणारा जुना न्यूट्रॉन प्रोब अमेरिशियम-बेरिलियमचा सोर्स पोटात घेऊन अडगळीत पडलेला असू शकतो, आणि अमेरिशियम-२४१चे अर्धायुष्य ४३२ वर्षे आहे.

आमच्या सांगली भागात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ या रासायनिक विश्लेषणाच्या यंत्राचा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर. तासगाव-मिरज पट्ट्यातील निर्यातीच्या द्राक्षांमुळे कीटकनाशकांचे उर्वरित अंश तपासण्याला इथे मोठे महत्त्व आले. क्लोरीनयुक्त कीटकनाशके शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या डिटेक्टरमध्ये बहुधा निकेल-६३चा पत्रा असतो, तोही सामान्यतः १० ते १५ मिलिक्युरींचा (मिलिक्युरी हे किरणोत्साराचे एकक), म्हणजे प्रयोगशाळेतील विद्यार्थी वापरतात त्या सोर्सच्या हजारो पट. त्याचे अर्धायुष्य सुमारे १०० वर्षे आहे. यंत्र पंधरा-वीस वर्षांत जुने होते, नवे मॉडेल येते, आणि जुने यंत्र संगणकांच्या व प्रिंटरच्या ढिगाऱ्यात निर्लेखनासाठी जाऊन बसते. निकेल-६३चे बीटा कण इतके दुबळे असतात की ते डिटेक्टरच्या धातूच्या कवचाबाहेर येतच नाहीत. बाहेरून कितीही चांगला मीटर फिरवला, तरी काटा हलणार नाही. कवच फोडले किंवा वितळवले की मात्र गोष्ट वेगळी होते. नमुन्यातील दुबळा किरणोत्सार मोजणाऱ्या द्रव प्रस्फुरण गणकाच्या, म्हणजे लिक्विड सिंटिलेशन काउंटरच्या आतही तपासणीसाठी एक छोटा गॅमा सोर्स बसवलेला असतो, हे ते यंत्र रोज वापरणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. अशा वस्तू शोधायच्या त्या यंत्राच्या मॅन्युअलमधून आणि खरेदीच्या फायलीतून. वीस वर्षांपूर्वीची फाइल मिळणे कठीण, पण निवृत्त प्राध्यापकांना फोन करून विचारता येते. बहुतेकांना आनंदच होतो.

जे सापडेल त्याची एक स्वतंत्र नोंदवही करावी. तीत समस्थानिकाचे (उदा. कोबाल्ट-६०) नाव, मूळ सक्रियता (किरणोत्साराची तीव्रता) आणि ती कोणत्या तारखेची, सोर्सचा क्रमांक, खोली, कपाट आणि किल्ली कोणाकडे, एवढे असलेच पाहिजे. तारखेशिवाय सक्रियतेचा आकडा निरुपयोगी असतो. आपल्या कपाटातील छोट्या सोर्सबद्दल 'ते तर मायक्रोक्युरीचे, त्यांना सूट असते' असे कोणीतरी नक्की सांगेल. नियामक सवलतीच्या मर्यादा समस्थानिकागणिक वेगळ्या असतात: आंतरराष्ट्रीय मानकांत ती कोबाल्ट-६०साठी १०० किलोबेक्वेरेल, पण सीझियम-१३७साठी केवळ १० किलोबेक्वेरेल आहे, आणि १ मायक्रोक्युरी म्हणजे ३७ किलोबेक्वेरेल. सीझियमच्या १ मायक्रोक्युरीच्या चकतीपासून एक मीटरवर मिळणारी मात्रा, म्हणजे शरीरात शोषला जाणारा किरणोत्सार, नैसर्गिक पार्श्वभूमीच्या जेमतेम काही टक्के असते, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. नोंद मात्र टाळता येत नाही. वापरात नसलेले सोर्स मूळ पुरवठादाराकडे किंवा अणुऊर्जा विभागाच्या अधिकृत यंत्रणेकडे परत करण्याचा मार्ग असतो. तो वेळखाऊ आहे, म्हणून पहिल्याच वर्षी सुरू करावा.

सोर्स ठेवण्याच्या खोलीबद्दल पुस्तकांत भिंतीची जाडी असते, पण कृष्णेच्या काठी राहणाऱ्याने आधी मजला विचारावा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. बंदिस्त सोर्स पाण्यात बुडाल्याने लगेच काही होत नाही. पूर ओसरल्यावर खोलीभर गाळ असतो, लेबले निघून गेलेली असतात, आणि बाहेरगावाहून मदतीला आलेली माणसे, ज्यांना या खोलीत काय होते हे कोणीच सांगितलेले नसते, सगळे सामान फावड्याने ट्रॉलीत भरतात; धोका त्या घटकेला असतो. द्रवरूप समस्थानिकांचा कचरा क्षयासाठी साठवलेला असेल, तर त्या पिशव्या आधीच तरंगत दुसऱ्या वर्गात पोहोचलेल्या असतात. त्यामुळे साठवण वरच्या मजल्यावर असावी. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक असल्याने स्लॅबवर किती भार चालेल हे मात्र स्थापत्य अभियंत्याकडून लेखी घ्यावे. आपल्या साताऱ्यात पुराचा प्रश्न तितका नसेल, पण ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला आहे. नुसत्या एकावर एक रचलेल्या शिशाच्या विटा आणि भिंतीला न जखडलेले कपाट आपल्याकडे चालणार नाही.

आता जीवशास्त्र विभागाचा फॉस्फरस-३२. त्याच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा १.७१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि ते हवेत काही मीटर जातात. उत्साही संशोधक थेट शिशाची भिंत मागवतात, पण वेगवान बीटा कण शिशावर आदळले की क्ष-किरण निर्माण होतात; म्हणून समोर सुमारे १ सेंटिमीटर जाडीचे ॲक्रिलिक हवे, आणि गरज भासलीच तर शिसे त्याच्या मागे. येथे खरी मात्रा बसते ती बोटांना, मायक्रोपिपेटचे टोक बदलताना आणि छोटी नळी चिमटीत धरताना. काम सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून हीच सगळी कृती साध्या रंगीत पाण्याने करून घ्यावी. रंग कुठे कुठे सांडला हे त्यांचे त्यांनाच दिसते, आणि तासाभराच्या व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. अर्धायुष्य १४.३ दिवसांचे असल्यामुळे दहा अर्धायुष्ये, म्हणजे साधारण पाच महिने कचरा कुलपात ठेवला की सक्रियता हजाराव्या भागाच्या खाली येते. त्यानंतर मोजणी करून, नोंद करून, किरणोत्साराची चिन्हे असलेली लेबले काढून, परवानगीतील अटींप्रमाणे विल्हेवाट लावावी. एकाच पिशवीत कोणी ट्रिटियम किंवा कार्बन-१४ यांसारख्या कितीतरी हळू क्षय होणाऱ्या समस्थानिकाची नळी टाकली, तर हे सगळे गणित कोसळते, म्हणून समस्थानिकागणिक डबे वेगळे ठेवावेत.

क्ष-किरण विवर्तन यंत्राबद्दल थोडक्यात. वीज बंद केली की त्यातून काहीही निघत नाही, ही त्याची मोठी सोय. चालू असताना मूळ किरणपुंज मात्र अरुंद आणि तीव्र असतो, आणि बोट क्षणभर मध्ये आले तरी भाजण्याची शक्यता असते. छातीवरच्या बॅजला त्याचा पत्ताही लागत नाही. दार उघडताच किरण बंद करणारे इंटरलॉक कोणीही, सर्व्हिस इंजिनिअरनेसुद्धा, आपल्याला कळवल्याशिवाय निकामी करू नये, हा नियम यंत्रावरच चिकटवावा.

टीएलडी बॅज वाटण्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. आपल्याकडच्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात आणि तिमाहीच्या शेवटी त्या वाचल्या जातात. म्हणजे बॅज कोणाचे रक्षण करत नाही, झाले ते नंतर सांगतो. ट्रिटियम आणि निकेल-६३ तर त्याला दिसतही नाहीत. आपल्याकडे विवर्तन यंत्र प्रत्यक्ष चालवणारे आणि फॉस्फरस-३२ हाताळणारे एवढ्यांनाच ते द्यावेत, आणि कोणी न वापरता तुलनेसाठी ठेवायचा कंट्रोल बॅज सोर्सपासून दूर, कार्यालयात ठेवावा. बॅज ॲप्रनसकट प्रयोगशाळेतल्या खुंटीला टांगून घरी जाण्याची सवय सर्वत्र आहे, आणि मग तिमाहीनंतर त्या खुंटीने किती मात्रा घेतली ते कळते. रखवालदार बॅज मागत असेल, तर त्याला बॅज देऊ नये, खोलीत काय आहे हे समजावून सांगावे.

मात्रेच्या मर्यादा आपल्याला पाठ हव्यात: काम करणाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३०पेक्षा अधिक नाही, सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला १. विद्यापीठातील नेहमीच्या कामात २०च्या जवळ कोणी गेले, तर तो आकडा मर्यादेच्या आत असला तरी चौकशीचाच विषय आहे. संशोधक विद्यार्थिनी गर्भवती असल्याचे तिने कळवल्यानंतर उर्वरित काळात गर्भावर १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा पडणार नाही, अशी कामाची मांडणी करावी लागते. हे कळवणे सर्वस्वी तिच्या इच्छेवर असते आणि ते आपल्यापाशी गोपनीय राहिले पाहिजे. याच नियमाचे निमित्त करून काही मार्गदर्शक मुलींना समस्थानिकांच्या कामातच घेत नाहीत. ते सरळसरळ अन्यायाचे आहे आणि नियमात त्याला काडीचाही आधार नाही.

मीटर असा घ्यावा की ज्याचे अंशांकन, म्हणजे अचूकतेची तपासणी, नियमित करून मिळेल. फॉस्फरससाठी पातळ खिडकीचा जीएम प्रोब हवा, आणि गॅमासाठी मात्रादर दाखवणारा मीटर. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा कमी असल्याने इथली पार्श्वभूमी कमीच भरते. मीटर आल्यावर पहिल्या आठवड्यात मोकळ्या मैदानावर आणि प्रत्येक खोलीत वाचन घेऊन लिहून ठेवावे, म्हणजे पुढे तुलना करता येईल. ट्रिटियमसाठी कोणताही हातातला मीटर चालत नाही. टेबल पुसून तो कागद द्रव प्रस्फुरण गणकात मोजावा लागतो.

राहिला कार्यभार. कुलगुरूंच्या आदेशाने कोणी आरएसओ होत नाही. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यान्वये केलेल्या २००४च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, आपल्याला मान्यता द्यावी लागते, आणि त्यासाठी आपण मान्य प्रशिक्षण पूर्ण केल्यावर संस्थेला मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना पोर्टलवर आपले नाव सुचवावे लागते. अंतिम जबाबदारी परवानाधारक व नियोक्ता यांची असते. आरएसओ त्यांच्या वतीने पाहतो आणि सल्ला देतो. सोर्स हरवला किंवा अपघात झाला, तर २४ तासांच्या आत मंडळाला कळवावे लागते, आणि त्या दिवशी कुलसचिव सुट्टीवर असतील तर कोण कळवणार हे आधीच ठरलेले हवे. माझा सल्ला असा की कार्यभार स्वीकारावा, पण आदेशात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: क्ष-किरण यंत्र किंवा सोर्स यांच्या खरेदीची फाइल आपल्या सहीशिवाय वित्त विभागाकडे जाणार नाही, प्रयोगशाळेतील कोणतेही यंत्र आपल्या ना-हरकतीशिवाय निर्लेखित होणार नाही, असुरक्षित काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार, समोर विभागप्रमुख असले तरी, आपल्याला राहील, आणि आपण रजेवर असताना पाहणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती असेल. अध्यापनाचा भार कमी करून मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून बसू नये. दुसरी अट मात्र सोडू नये, कारण प्रशासनाला तीच सर्वांत क्षुल्लक वाटते.

विवर्तन यंत्राच्या खरेदीचा आदेश गेला आहे, असे आपल्या लिखाणावरून वाटते. ई-लोरावर संस्थेची नोंदणी आणि त्या यंत्राची परवानगी झाली आहे का, हे उद्याच कुलसचिव कार्यालयात पाहावे. झालेली नसेल, तर पुरवठादाराला उभारणीची तारीख पुढे ढकलण्यास लेखी कळवावे आणि पेटी आली तरी तोपर्यंत ती न उघडता भांडारात राहू द्यावी. फॉस्फरसची मागणी आपले प्रशिक्षण आणि मान्यता होईपर्यंत नोंदवूच देऊ नये.