नुकताच पडलेला उल्कापाषाण गरम असतो की थंड?

बहुतेक उल्कापाषाण जमिनीवर येतात तेव्हा कोमट किंवा चक्क गार असतात, गवत पेटवण्याइतके तापलेले नसतात. वातावरणात शिरताना पृष्ठभाग वितळतो हे खरं, पण ते काही सेकंदच चालतं आणि वितळलेला थर उष्णता घेऊन हवेच्या झोताबरोबर निघून जातो. दगडातून उष्णता फार हळू आत जाते, त्यामुळे गाभा थंडच राहतो. बाहेर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं काळं कवच उरतं. साधारण 20 किलोमीटर उंचीच्या आसपास वेग ओसरला की उजेड विझतो आणि पुढची एक-दोन मिनिटं दगड उणे 50 अंशांच्या आसपासच्या हवेतून नुसता खाली पडत असतो. हा टप्पा सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि खरं उत्तर त्यातच आहे. 14 जुलै 1860 रोजी हिमालयातल्या धर्मशाळा इथे पडलेले तुकडे लगेच उचलणाऱ्यांची बोटं गारठली, अशी नोंद आहे. मात्र हे लहान दगडांपुरतं. ॲरिझोनातलं 1.2 किलोमीटर रुंदीचं विवर पाडणाऱ्या लोखंडी पिंडासारखा प्रचंड पिंड हवेत फारसा मंदावत नाही. आदळताना त्याचा मोठा भाग वितळून किंवा वाफ होऊन जातो.