हेरिटेज झालं म्हणजे घर वाचलं?

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वडील रेल्वेत होते. कलकत्त्याला बदली असताना १९७१ साली त्यांनी तिरेट्टा बाजार या जुन्या चिनी वस्तीतल्या गल्लीत एक जुनं दुमजली घर घेतलं. विकणारे चिनी गृहस्थ बेंटिंक स्ट्रीटवर बुटांचं दुकान चालवत. आता शत्रू मालमत्तेच्या कस्टोडियनचा, म्हणजे युद्धांनंतर पाकिस्तान-चीनच्या नागरिकांची इथली मालमत्ता ताब्यात ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याचा, आदेश आला आहे की हे घर कस्टोडियनच्या ताब्यातलं. ताई विचारतात, "घर शंभर वर्षांचं आहे. हेरिटेज जाहीर करून घेतलं तर सरकारला ते घेता येणार नाही ना?"

कुणाचा वाडा, कुणाची चाळ, कुणाची कौलारू शाळा, प्रश्न मात्र दर महिन्याला हाच. ताई, हेरिटेजचा दर्जा इमारतीला मिळतो, मालकाला नाही. घर कुणाच्याही नावावर असो, ते पाडायचं की नाही एवढंच त्यातून ठरतं. तुमचा वाद मालकीचा आहे आणि तो एका मुदतीवर उभा आहे.

शत्रू मालमत्ता कायदा १९६८ चा. २०१७ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिस्तानात गेलेल्या महमुदाबादच्या राजांच्या, भारतातच राहिलेल्या वारसाच्या बाजूने निकाल दिला होता, त्याची धार घालवण्यासाठीच ती आली. नव्या कलम ६ नुसार कस्टोडियनकडे गेलेली मालमत्ता 'शत्रू'ने कधीही विकली असली तरी ती विक्री मुळापासून रद्द. तुमचं नोंदणीकृत खरेदीखत, ५० वर्षांच्या कराच्या पावत्या, सगळं त्यापुढे लंगडं पडतं. म्हणून 'आम्ही प्रामाणिकपणे पैसे मोजले' हा मुद्दा पहिला मांडू नका. पहिला मुद्दा हा की विकणारा शत्रू नव्हताच.

आणि हे म्हणायला कलम १८ खाली तुम्हाला ३० दिवस आहेत. आदेश हातात पडल्यापासून किंवा राजपत्रात छापून आल्यापासून, यांतलं जे आधी. निवेदन केंद्र सरकारकडे, म्हणजे दिल्लीला गृह मंत्रालयात द्यायचं. तुम्ही लिहिता की पाकीट येऊन 'तीनएक आठवडे' झाले. तीनएक म्हणजे किती? २० दिवस की २६? मी तुम्हाला फोनवरही हेच विचारलं, हे उत्तर छापून येईपर्यंत वाट बघायला नको म्हणून. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच कार्यालयाची चौकशीची प्रश्नावली आली होती, ती तुम्ही 'चुकून आली असेल' म्हणून कपाटात ठेवली! त्या वेळी दोन पानी उत्तर गेलं असतं तर कदाचित हा आदेश निघालाच नसता. सरकारी पाकीट न उघडता ठेवण्याची ही सवय मी घरोघरी बघतो आणि दर वेळी जीव तुटतो.

नागपूरच्या दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणू, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. त्यात एक दिवसही घालवू नका. कलम १८ब ने दिवाणी न्यायालयाची वाटच बंद केली आहे. निवेदन फेटाळलं तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, हा पुढचा रस्ता.

तुम्ही खरेदीखताच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवलाय. चिनी अक्षरांतली उभी सही, शेजारी अंगठा, खाली लेखनिकाची बंगाली ओळ. त्यात मला सगळ्यात मोलाचे वाटले ते दोन शब्द, 'जन्म कलकत्ता'. विकणारा इथेच जन्मला, १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतरही इथेच धंदा करत राहिला, चीनला गेलाच नाही, हे दाखवता आलं तर तुमची बाजू उभी राहू शकते. जन्मनोंद, ट्रेड लायसन्स, शाळेचा दाखला, मिळेल ते गोळा करा. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. हे गृहस्थ त्यांतले असतील तर तेवढ्यानं ते शत्रू ठरतात असं मला वाटत नाही, पण खात्रीही देत नाही. एखादा भाऊ चीनला गेला असेल आणि घरात त्याचा हिस्सा असेल तर तेवढ्या हिश्श्यापुरतं प्रकरण अवघड आहे.

आता हेरिटेजचं. अर्ज जरूर करा, पण वेगळा करा आणि घरासाठी करा. कस्टोडियनकडची मालमत्ता सरकार विकू शकतं, आणि घेणारा बिल्डर आधी जिना पाडेल. कलकत्ता महापालिकेची वारसा समिती आहे, राज्याचा २००१ च्या कायद्याखालचा वारसा आयोगही आहे. अर्जात नुसतं 'जुनं आहे' लिहू नका. दारावरची सोनेरी अक्षरांची लाकडी पाटी, वरच्या मजल्यावरचा देव्हारा, चीनमधल्या एकाच गावाकडून आलेल्यांची बैठक भरायची ती खोली, यांचे फोटो लावा. तिथली चिनी माणसं आपल्या देवळांना 'चर्च' म्हणतात. १९०५ सालचं सी इप चर्च बघून या. गावची माणसं एकत्र जमायची अशाच वास्तूंमध्ये, आणि तुमच्या घरातही तेच घडत होतं असं फोटोंवरून दिसतं. श्रेणी मात्र वरची मागा. तिसऱ्या श्रेणीत पाडायला परवानगी मिळते. लिटल रसेल स्ट्रीटवरच्या ओल्ड केनिलवर्थ हॉटेलची श्रेणी दोन-अ वरून तीनवर आणली आणि ते जमीनदोस्त झालं. किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. समित्यांच्या बैठकांचा वेग कोर्टांपेक्षा बरा नाही.

ते पाकीट फेकलं नसेल तर आजच शोधा. रद्दीत गेलं असेल तर टपाल कार्यालयातून रजिस्टर्ड पोस्ट पोचल्याची तारीख लेखी घ्या, आणि निवेदनाच्या पहिल्या ओळीत तीच तारीख घाला.