इंजिनचं काम झालं आणि गाडी चालूच होईना

प्रश्न : नमस्कार. माझी सिंगल सिलेंडर फोर स्ट्रोक बाईक आहे, कार्ब्युरेटरवाली. धूर मारायची म्हणून इंजिनचं काम केलं, नवीन पिस्टन रिंग टाकले, वॉल्व्ह लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) करून घेतलं. तेव्हापासून चालूच होत नाहीये. प्लगला करंट येतोय, प्लग काढला की पेट्रोलने ओला असतो, किक आधीपेक्षा हलकी जाते आणि मधेच कार्बमधून फट्ट असा आवाज येतो. प्लग बदलला, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा बॉक्स) पण नवीन टाकला, तरी तेच. मेकॅनिक म्हणतो पिस्टन नवीन आहे, ढकलून चालू करा, बसेल आपोआप. काय करू?

उत्तर : आधी एक विनंती, आता अजून एकही पार्ट विकत घेऊ नका आणि गाडी ढकलूही नका. कामाला गेली तेव्हा धूर मारत का होईना पण चालू होत होती ना, म्हणजे सीडीआय, कॉइल, कार्ब तेव्हा ठीक होते. बिघाड बहुतेक जिथे पाना लागलाय तिथेच आहे, आधी तिथेच बघायचं.

तुम्ही किक हलकी जाते असं सहज लिहून गेलात पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. नवीन पिस्टन रिंग टाकल्यावर किक जड लागायला हवी, हलकी लागतेय म्हणजे कॉम्प्रेशन कुठूनतरी निसटतंय, आणि कार्बमधून फट्ट होतंय म्हणजे इनलेट वॉल्व्ह नको त्या वेळी उघडा राहतोय अशी दाट शंका आहे.

पहिले टॅपेट बघा, म्हणजे वॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप. लॅपिंग केलं की वॉल्व्ह सीटमध्ये थोडा आत बसतो, त्यामुळे त्याची दांडी रॉकरच्या बाजूला वर येते आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. तो परत सेट केला नसेल तर वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना मॅग्नेट कव्हरची झाकणं उघडा, प्लग काढा, इंजिन फिरतं त्याच दिशेने पान्याने हळू फिरवून टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर आल्याची मॅग्नेटवरची खूण) जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने हलतात का बघा. नसतील हलत तर अजून एक पूर्ण फेरा फिरवा, कारण पिस्टन एका सायकलमध्ये दोनदा वर येतो आणि त्यातल्या एकाच वेळी दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. दोन्ही वेळा रॉकर घट्टच लागले तर टॅपेट टाईट नाहीतर टायमिंग चुकलंय. माप फीलर गेजनेच (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, बऱ्याच छोट्या इंजिनांत ते ०.०५ ते ०.१० मिमी असतं पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच धरा.

मग टायमिंग चेन, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकवरून फिरवणारी चेन. टी मार्क जुळलेला असताना कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या कडेशी जशी सांगितलीय तशी सरळ यायला पाहिजे. एका दाताने काय होतंय असं म्हणू नका, स्प्रॉकेटला ३४ दात असतील तर एक दात चुकला की कॅम साधारण साडेदहा अंश सरकतो आणि क्रँकच्या हिशोबाने ते २१ अंश होतात! एवढ्यात गाडी चालू न होणं अगदी शक्य आहे. टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) बसवताना चेन ओढली जाते आणि आधी जुळलेली खूण हलते, म्हणून टेन्शनर लावल्यावर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून परत बघायचं. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह पिस्टनला लागत असू शकतो. ढकलू नका म्हणालो ते यासाठीच.

दोन्ही बरोबर निघालं तर प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल सोडून किक मारून बघा. किक जड झाली तर रिंगची बाजू, काहीच फरक नाही तर वॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग.

आणि हो, इतक्या किका मारल्यात म्हणजे सिलेंडर पेट्रोलने धुतला गेला असणार, त्यानेही कॉम्प्रेशन पडतं. पेट्रोल कॉक बंद करा, प्लग काढून फुल थ्रॉटलवर दहा-बारा किका मारा, फक्त त्या वेळी प्लग भोकाजवळ लटकवून ठिणगी बघत बसू नका, बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पेट घेते. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलूनच गाडी चालू करा.

प्रश्न : हेडचं काम केल्यापासून गाडी थंड असताना एका किकमध्ये चालू होते, पण गरम झाली की बंद पडते आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय चालू होत नाही. असं का?

उत्तर : यातही पहिला संशय टॅपेटवरच, खास करून एक्झॉस्टच्या. गरम झाल्यावर वॉल्व्ह लांबतो, गॅप आधीच कमी असेल तर तो सीटवर बसतच नाही. टॅपेट बरोबर असेल तर बंद पडल्या पडल्या लगेच करंट बघा, गरम असतानाच. तेव्हा करंट नसेल तर पिकअप कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) किंवा इग्निशन कॉइल गरम होऊन काम सोडतेय, आणि कामात मॅग्नेट कव्हर उघडलं असेल तर पिकअपची वायर कव्हरखाली दबलीय का तेही बघून घ्या.