आजीच्या पोळ्यांची पावती

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "आजीनं वारकऱ्यांसाठी दीडशे पोळ्या लाटल्या, पण कुणी तिचं नावसुद्धा लिहून घेतलं नाही. मग ही चॅरिटी कशी?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी दिली, तर करसवलतीसाठी संस्थेचं लेखी पत्र लागतं. भारतातही करसवलतीसाठी देणगीची पावती असते. पालखी मुक्कामाला असताना पुण्याच्या पेठांतून वाटलं जाणारं जेवण मात्र कुठल्याच वहीत येत नाही. देशादेशांची तुलना करणारा 'वर्ल्ड गिव्हिंग इंडेक्स' लोकांना विचारायचा: गेल्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केलीत का, संस्थेला पैसे दिलेत का, स्वयंसेवक म्हणून वेळ दिलात का? २०२४ मध्ये इंडोनेशिया पहिला आला. आजीला विचारलं, तर ती तिन्हींना 'नाही' म्हणेल. वारकरी तिला अनोळखी वाटतच नाहीत.

तुझे आजोबा खेड्यातून पुण्याला शिकायला आले, तेव्हा वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांना सहाच घरं मिळाली. गुरुवार रिकामा, त्या दिवशी फुटाणे खाऊन झोपायचे. म्हणून मी लहान असताना दर गुरुवारी आपल्याकडे एखादा विद्यार्थी जेवायला असे. तो लाजून अर्धपोटी उठेल म्हणून आजी शेवटची पोळी न विचारताच ताटात टाकायची.

पण हेही तुला माहीत असायला हवं. वाराची घरं बहुतेक जात बघूनच उघडत. त्याच पुण्यात दुसऱ्या जातीच्या, तितक्याच हुशार मुलाला ते पान मिळत नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं. इथे आपण फूड बँकेत डबे ठेवतो, ते कोण खाणार हे आपल्याला कळतही नाही, आणि ते मला मनापासून आवडतं. आजीच्या पोळ्यांचंही तसंच आहे. दिंडीतल्या कुणाच्या ताटात गेल्या, हे ती विचारत नाही.

आज पुन्हा तिच्याबरोबर जाणार आहेस ना? डबा तूच धर. गरम असतो, खाली फडकं घे.

तुझी,
आई