वाचकांचे प्रश्न : जोखमीच्या यंत्रांसाठी कोणती संगणकभाषा?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेसची कंट्रोल पॅनेल बनवण्याचा आमचा लघुउद्योग आहे. आजवर आम्ही मायक्रोकंट्रोलरसाठी सी भाषेत कोड लिहीत आलो. आता एका परदेशी ग्राहकाने कळवले आहे की, कोड आयईसी ६१५०८ या मानकाने मान्य केलेल्या भाषेत असावा. सी चालेल का, की एडा किंवा रस्टकडे वळावे? (एक उद्योजक, भोसरी)

उत्तर : ग्राहकाची मागणी ज्या शब्दांत आली आहे, त्या शब्दांत ती कोणालाच पुरी करता येणार नाही, कारण आयईसी ६१५०८ हे इलेक्ट्रॉनिक सुरक्षा-यंत्रणांचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते भाषांना प्रमाणपत्र देत नाही. ते सुरक्षा-कार्याच्या, म्हणजे धोका टाळण्यासाठी यंत्रणेने करायच्या कामाच्या, १ ते ४ अशा पातळ्या ठरवते, त्यांना सिल म्हणतात, आणि पातळी जितकी वरची तितके भाषेच्या वापराविषयी अधिक काटेकोर प्रश्न विचारते. भाषा कामाला योग्य आहे का, तिची टाइप-तपासणी (कोणत्या चलात कोणत्या प्रकारची माहिती बसते याची तपासणी) कडक आहे का, तिच्यातला ठरावीक भागच वापरला आहे का, कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) भरवशाचा आहे का, हे ते प्रश्न आहेत. मानकाच्या सातव्या भागात भाषांचा एक माहितीपर तक्ता आहे. त्यात नुसती सी सिल ३ आणि ४ साठी ‘शिफारस नाही’ या रकान्यात जाते, पण तीच सी मर्यादित उपसंच (भाषेचा निवडक भाग), लेखननियम आणि स्थिर विश्लेषणाचे (कोड न चालवता चुका शोधणारे) साधन यांच्यासह वापरली तर चारही पातळ्यांना जोरदार शिफारस मिळवते. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या एडाचेही तेथे तसेच आहे : वरच्या दोन पातळ्यांवर पूर्ण एडाला साधी शिफारस, तिच्या उपसंचाला जोरदार.

सीबद्दल एवढी सावधगिरी का, हे आपल्याच यंत्रावर पाहू. क्रँकचा कोन ० ते ३५९ अंश असतो. सीमध्ये तो साध्या पूर्णांकात ठेवला, तर त्यात ४०० आले किंवा चुकून मिलिसेकंदांचा आकडा शिरला, तरी भाषेला त्यात वावगे दिसत नाही. टाइपडेफने वेगळे नाव दिले तरी फरक पडत नाही, कारण ते जुन्याच टाइपचे दुसरे नाव असते. एडामध्ये कोनासाठी ० ते ३५९ मर्यादेचा वेगळा टाइप आणि वेळेसाठी दुसरा टाइप घोषित करता येतो. मग दोघांची बेरीज करू पाहिल्यास कोड कंपाइलच होत नाही आणि चालू असताना मर्यादा ओलांडली गेल्यास भाषा स्वतःहून अपवाद (चूक झाल्याचा इशारा) उठवते. सीमध्ये दहा घटकांच्या ॲरेत अकराव्या जागी लिहिले, किंवा चिन्हांकित पूर्णांक मर्यादेबाहेर गेला, तर पुढे काय होईल हे भाषेचे मानक ठरवतच नाही. कंपायलरला त्या ठिकाणी वाटेल ते गृहीत धरण्याची मुभा असते, आणि ऑप्टिमायझेशनची पातळी बदलताच चालणारा कोड बिघडतो तो बहुधा याच कारणाने.

मात्र चूक पकडली जाणे ही निम्मीच गोष्ट आहे. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, आणि त्याचे मार्गदर्शन करणारा कोड एडामध्येच होता. आडव्या वेगाशी निगडित असलेली एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बदलली जात होती. ती ३२,७६७ च्या पलीकडे गेली, अपवाद उठला आणि ठरल्याप्रमाणे प्रोसेसर बंद पडला. राखीव संगणकात तोच कोड असल्याने तोही त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. कोड एरियन ४ वरून घेतलेला होता आणि तेथे तो आकडा एवढा वाढणेच शक्य नव्हते. धोक्यातल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिले होते आणि तिघांना प्रोसेसरवरील भार मर्यादेत राहावा म्हणून वगळले होते. भाषेने आपले काम चोख केले, पण अपवाद आल्यावर काय करायचे हे भाषा ठरवत नाही, ते आराखडा लिहिणारा माणूस ठरवतो.

आपल्याकडे प्रेसला थांबणे ही सुरक्षित अवस्था आहे, म्हणून आपले काम रॉकेटवाल्यांपेक्षा सोपे आहे. तरीही प्रोसेसर थांबला म्हणजे प्रेस थांबली असे समजू नये. क्लच-ब्रेकच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचे आउटपुट त्या क्षणी चालू असेल आणि ते बंद करणारा वॉचडॉग (प्रोसेसर थांबल्याचे ओळखणारा पहारेकरी परिपथ) स्वतंत्र नसेल, तर रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली येतच राहील. ही उणीव सीमध्ये असेल, एडामध्येही असेल आणि रस्टमध्येही असेल. दोन्ही हातांची बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक सुरू व्हावा, ही अटसुद्धा कोणतीही भाषा आपल्यासाठी तपासत नाही. ती आवश्यकतांच्या कागदावर लिहावी लागते आणि चाचणीने सिद्ध करावी लागते.

माझे मत विचाराल तर आपण भाषा बदलण्याच्या फंदात पडू नये, सुरक्षा-कार्येच मायक्रोकंट्रोलरवरून काढून घ्यावीत. इमर्जन्सी स्टॉप, लाइट कर्टन (हात आत गेल्यास प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) आणि दोन हातांची बटणे प्रमाणित सेफ्टी पीएलसीवर (सुरक्षा-कार्यांसाठीच्या औद्योगिक नियंत्रकावर) न्यावीत आणि तेथे लॅडर (विद्युत आकृतीसारखी चित्रमय भाषा) किंवा निर्मात्याने दिलेले तयार फंक्शन ब्लॉक वापरावेत. यंत्रसुरक्षेची मानके लॅडरसारख्या मर्यादित आणि सीसारख्या मुक्त भाषांमध्ये भेद करतात. आयएसओ १३८४९-१ मध्ये मुक्त भाषेने सर्वांत वरची पातळी गाठायची तर आयईसी ६१५०८ च्या तिसऱ्या भागाकडे बहुधा यावे लागते, आणि तो कागदोपत्री डोंगर आठ-दहा माणसांच्या कारखान्याने उचलावा असे मला वाटत नाही. स्ट्रोकची मोजणी, डिस्प्ले, उत्पादनाच्या नोंदी हे काम सीमध्ये खुशाल राहू द्या. फक्त तो भाग बिघडला तरी सुरक्षा-कार्यात ढवळाढवळ करू शकणार नाही, हे आकृतीसह लिहून ठेवा. ग्राहकाला उलट पत्र पाठवून विचारा की, त्याला नेमक्या कोणत्या कार्यासाठी कोणती पातळी हवी आहे. भाषेचा प्रश्न त्या उत्तरानंतरचा आहे.

प्रश्न : मी हिंजवडीत वाहनांच्या इसीयूसाठी (गाडीतील नियंत्रक संगणकासाठी) सी कोड लिहितो. आमच्याकडे मिस्राचे (सी सुरक्षितपणे लिहिण्याचे वाहन उद्योगातले) नियम पाळले जातात, तरी वरिष्ठ म्हणतात की रस्टवर गेल्याशिवाय कोड सुरक्षित होणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या ७० टक्क्यांचा दाखला ते देतात. हे खरे आहे का? (एक अभियंता, वाकड)

उत्तर : दाखला खरा आहे, पण तो आपल्या प्रश्नाचा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की, दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या गैरवापरातून आलेल्या असतात. त्या हल्लेखोराला वाट देणाऱ्या त्रुटी आहेत आणि त्यांतल्या कित्येक स्मृती मागणे, सोडणे आणि सोडल्यावर पुन्हा वापरणे या खेळातल्या आहेत. मिस्रा सी काटेकोरपणे पाळणाऱ्या इसीयूमध्ये चालू असताना स्मृती मागितलीच जात नाही आणि रिकर्शनलाही (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याला) बंदी असते. म्हणजे रस्टचा सर्वांत गाजलेला गुण जिथे कामी येतो, ते रान आपल्याकडे आधीच साफ केलेले असते. उरतात त्या ॲरेच्या सीमा, आरंभमूल्य न दिलेली चले आणि इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून धावणारा कोड) व टास्क यांनी एकच चल एकाच वेळी हाताळणे. यांपैकी शेवटच्या बाबतीत रस्ट सीपेक्षा निःसंशय पुढे आहे, कारण असा कोड कंपायलर नाकारतो. स्थिर विश्लेषण मात्र तेथे पुष्कळदा खोट्या इशाऱ्यांचा ढीग देते, हा अनुभव आपल्यालाही असेल.

रस्टच्या मर्यादाही वरिष्ठांना दाखवाव्यात. ॲरेची सीमा ओलांडल्यास रस्ट बहुतेक वेळा कोड चालू असतानाच पॅनिक करते (काम तिथेच थांबवते), आणि ब्रेकच्या इसीयूमध्ये पॅनिकनंतर काय व्हायचे, हा एरियनचाच प्रश्न आहे. पूर्णांक मर्यादेबाहेर गेल्यास चाचणीची डीबग बिल्ड थांबते, पण प्रत्यक्ष वापराच्या रिलीज बिल्डमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे संख्या गुपचूप वळसा घालून पुढे जाते. म्हणजे चाचणी एका वागणुकीची आणि गाडीत दुसरी, असे होऊ द्यायचे नसेल तर ते सेटिंग बदलावे लागते. हार्डवेअर रजिस्टरला हात लावणारा कोड ‘अनसेफ’मध्ये (जिथे कंपायलरच्या काही तपासण्या लागू नसतात) लिहावा लागतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या थरात मानवी तपासणी टळत नाही.

साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. रस्टचा फेरोसीन हा कंपायलर २०२३ मध्ये आयएसओ २६२६२ या वाहनसुरक्षेच्या मानकाच्या सर्वोच्च एएसआयएल डी पातळीसाठी प्रमाणित झाला. म्हणून माझा सल्ला असा की, नवा आणि इतरांपासून वेगळा काढता येणारा घटक असेल, तर रस्ट घेऊन पाहावे. गाड्यांमध्ये वर्षानुवर्षे सिद्ध झालेला सी कोड केवळ भाषेच्या नावासाठी पुन्हा लिहू नये, कारण पुनर्लेखनात जुन्या कोडने निस्तरलेल्या अडचणी हमखास नव्याने शिरतात. आणि वरिष्ठांना १९९९ मध्ये मंगळाजवळ गमावलेल्या क्लायमेट ऑर्बिटरची आठवण द्यावी. तेथे एका संघाचे आकडे पाउंड-सेकंदांत होते आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन संघांमधली फाईल निव्वळ आकड्यांची असेल, तर दोन्हीकडे रस्ट असूनही ही चूक तशीच पार होते.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आमचा गट औषध ठरावीक वेगाने देणारा पंप बनवतो आहे. कोड पायथनमध्ये लिहिला तर वैद्यकीय मानकांना चालेल का? (एक विद्यार्थिनी, धनकवडी)

उत्तर : वैद्यकीय सॉफ्टवेअरचे आयईसी ६२३०४ हे मानक भाषेचे नाव घेऊन मनाई करत नाही. ते सॉफ्टवेअरचे अ, ब, क असे वर्ग करते, आणि बिघाडाने मृत्यू किंवा गंभीर इजा संभवत असेल तर वर्ग क लागतो. औषधाचा पंप बहुधा तेथेच जाईल. पायथनमध्ये टाइपची चूक ती ओळ चालेपर्यंत कळत नाही, शिवाय इंटरप्रिटर आणि त्यामागची सगळी लायब्ररी ही आपण न लिहिलेली, पण जिची जबाबदारी आपल्यावरच येते अशी सामग्री ठरते. म्हणून मोटरची पायरी मोजणारा भाग सीच्या उपसंचात किंवा एडामध्ये, छोट्या मायक्रोकंट्रोलरवर ठेवा. पायथन चाचणीसाठी वापरा : वेगवेगळे वेग देऊन तासभरात किती मिलिलिटर द्रव आला ते वजनकाट्यावरून नोंदवणारा प्रोग्राम त्यात लवकर तयार होतो, आणि परीक्षकांना कोडआधी तीच नोंद पाहायची असते.