शंकराला माणूस दाखवणारी 'मेलुहा' सिरीज श्रद्धाळू माणसाने वाचावी का?

बिनधास्त वाचा. अमीश त्रिपाठींचं पहिलं पुस्तक २०१० ला आलं, त्यात शिव म्हणजे मानसरोवराजवळच्या गुण जमातीचा म्होरक्या, चिलीम ओढणारा, नाच आवडणारा, आणि मेलुहा नावाच्या राज्यात आल्यावर सोमरस पिऊन त्याचा गळा निळा होतो आणि लोक त्याला नीलकंठ म्हणून डोक्यावर घेतात पण त्याला स्वतःलाच ते पटत नसतं, हे मला फार भिडलं. फक्त एक, हे पुराण म्हणून वाचू नका, हलाहलाची मूळ कथा वेगळीच आहे, ती आधी माहीत असेल तर जास्त मजा येते. भाषा साधी आहे, थोडी फिल्मीपण वाटते. मी दर सोमवारी शंकराच्या देवळात जाते, पुस्तक वाचल्यावरही जातेच, उलट पिंडीसमोर आता जास्त वेळ बसते.